इथरनेट सतरा

बुटाचा तळ उचकटला म्हणून कानसेन त्या सकाळी वीस मिनिटांतच फिरून परत आला, आणि आलोच नसतो तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे दोन दिवस सारखं वाटत राहिलं. एरवी त्याचं आठ ते नऊ म्हणजे आठ ते नऊ. डॉक्टरनं चालायला सांगितलं होतं आणि सांगितलेलं तंतोतंत करण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं. मागच्या खोलीत येऊन त्यानं बूट काढला, तळ कितपत सुटलाय ते पाहायला खुर्चीत टेकला, आणि समोरच्या कम्प्युटरच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात खालून एक चौकट वर सरकली. ‘इथरनेट १७. अनोळखी नेटवर्क.’ हातातला बूट हातातच राहिला. तेवढ्यात बायको हात पुसत आत आली, त्याच्याकडे पाठ करून काहीतरी म्हणाली, टेबलावर चार्जिंगला लावलेला आपला मोबाइल वायरीतून उपटून घेतला आणि निघून गेली. चौकटही गेली. त्यानं घाईघाईनं जोडण्यांची यादी उघडली. यादीत एकच नाव होतं, ‘इथरनेट’, पुढे ना आकडा ना काही. चार वर्षं तेच होतं. यंत्रातून एक वायर निघते आणि भिंतीतल्या डबीत जाते, इतका साधा संसार. मग हे सतरावं कोणाचं, आणि सतरावं आलं म्हणजे आधीची गेली कुठे?

कम्प्युटर कचेरीचा होता. कानसेन मूळचा लघुलेखक. चौकशीच्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून साक्षीदार बोलेल ते वेड्यावाकड्या रेघांत टिपून घ्यायचं आणि संध्याकाळपर्यंत टाइप करून द्यायचं, यात त्याची बावीस वर्षं गेली. नंतर खोलीत रेकॉर्डर आला, स्टूल गेलं, आणि त्याला घरी यंत्र देण्यात आलं. रेकॉर्डिंग यंत्रावर येतं, तो हेडफोन लावून ऐकतो, पायाखालच्या पट्टीनं थांबवतो, मागे नेतो आणि टाइप करतो. दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला फाइल कचेरीत. कोणी कोणावर काय आरोप केला, कोण रडलं, कोण खोटं बोलताना खोकलं, हे सगळं त्याच्या कानांतून जायचं आणि तिथेच राहायचं. तसं लिहूनच दिलं होतं त्यानं, की रेकॉर्डिंग दुसऱ्या कोणाच्या कानावर पडणार नाही आणि यंत्राला अनोळखी काही जोडलेलं दिसलं तर त्याच दिवशी कळवीन. कानसेन हे नाव कचेरीनंच पाडलेलं. त्याचं कारण असं, की जे शब्द ऐकू येत नाहीत तिथे टाइप करणाऱ्यानं कंसात ‘अस्पष्ट’ लिहायचं असतं. इतरांच्या पानोपानी पाच-सात अस्पष्ट असायचे. याच्या सव्वीस वर्षांच्या कागदांत एकही नव्हता. नवीन येणाऱ्यांना त्याचे कागद दाखवत. तो वरवर नाही नाही म्हणे, पण आतून त्याला ते फार आवडे.

आणि गेलं वर्षभर त्याचा ‘स’ गेला होता. गेला म्हणजे एका दिवशी उठून गेला नाही, भाडेकरू सामान थोडंथोडं हलवत राहतो आणि एके दिवशी कळतं की खोली रिकामीच आहे, तसा. ‘स’बरोबर ‘श’ गेला, ‘फ’ निम्मा गेला. मोठमोठे आवाज शाबूत होते. दार आपटलेलं, ट्रकचा हॉर्न, शेजारचा खोकला, सगळं लख्ख. पण माणसं बोलायला लागली की शब्दांच्या कडा कुरतडल्यासारख्या यायच्या आणि उरलेला शब्द त्याला स्वतःच्या डोक्यातून भरून काढावा लागायचा. कोणाला न सांगता तो कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आला होता. काचेच्या पेटीत बसवून त्याला बटण दिलं, आवाज आला की दाबा म्हणाले. तो अंगठा बटणावर ठेवून बसला आणि पेटीत इतकी शांतता झाली की त्याला स्वतःचं गिळणं ऐकू येऊ लागलं. बाहेर आल्यावर डॉक्टरनं कागदावरची रेघ दाखवली. डावीकडे सपाट, मग उजवीकडे उतरत उतरत थेट तळाला. यंत्र लावा, म्हणाला. कान लावून जगणारा माणूस कानात यंत्र घालून कचेरीत कसा जाणार, हे त्याला कोण सांगणार? तो कागद शब्दकोशात दडपून ठेवला आणि कानाला खडा लावला, की हे कोणाला कळू द्यायचं नाही. रेकॉर्डिंग सावकाश लावायचं, तीनतीनदा ऐकायचं, संदर्भानं ओढून आणायचं. साक्षीदारानं काय म्हटलं असेल, त्यानं म्हणण्यासारखं काय आहे, यावरून शब्द ठरवायचा. दोन वाक्यांत एक असा शब्द त्याच्या पदरचा असायचा. ‘अस्पष्ट’ लिहायला बोट मात्र वळायचं नाही.

म्हणून सतरा आकडा पाहिल्याबरोबर कचेरीला काही कळवूच नये असं त्याला वाटलं. तरी सवय वाईट. बूट बाजूला ठेवून त्यानं आधी कचेरीच्या तांत्रिक विभागाला मेल लिहिला, की अमुक वेळी अमुक नावाची जोडणी दिसली, नंतर दिसेनाशी झाली. पाठवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. ती जोडणी कचेरीनंच घातली असली तर? कोणी कुरकुर केली असेल, कोणा साहेबानं म्हटलं असेल, जरा बघा हो कानसेन किती वेळा मागे नेऊन ऐकतात. कुठेतरी कोणीतरी बसून त्याची पायपट्टी मोजत असेल. तासाभरात तांत्रिक विभागातल्या बाईंचं उत्तर आलं. ‘उद्या नऊला फोन करते. तोवर काही काढू-घालू नका. तुमच्याकडच्या नोंदी गोपनीय असल्यामुळे अहवाल करावा लागेल.’ त्यानं ते उत्तर चारदा वाचलं. फोन, म्हणजे पुन्हा कान. मेलवर भागेल असं लिहायला त्यानं घेतलं आणि पुसलं. फोन नको म्हणणारा लघुलेखक कोणाला संशयास्पद वाटणार नाही?

दिवसभर तो यंत्राकडे पाहत राहिला. नवीन आलेलं रेकॉर्डिंग त्यानं लावलं आणि बंद केलं. हेडफोनच्या आत कोणीतरी आपल्याबरोबर ऐकतंय असं त्याला वाटायला लागलं. संध्याकाळी जेवताना बायको काहीतरी सांगत होती, मुलीचा फोन आला होता म्हणून. मुलगी दूरच्या शहरात नोकरीला, दर आठवड्याला आईशी तासभर बोलायची. पूर्वी ‘बाबांना दे’ म्हणायची, अलीकडे म्हणत नसे. कानसेन योग्य त्या ठिकाणी मान हलवत होता. हलवता हलवता त्याला दिसलं, की बायको बोलायची थांबली आहे आणि नुसती त्याच्याकडे बघते आहे, आणि आपण अजून मान हलवतोच आहोत. तिनं पुढे काही विचारलं नाही. आमटी वाढली. तिच्या गप्प राहण्यात काही आहे का, हे त्याला कळेना. ती गप्प राहण्यात मुरलेली होती. लग्नाच्या आधीपासून वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती ती, ऑपरेटर एकशे एकोणीस. गावोगावचे ट्रंक कॉल जोडून द्यायची. तो तेव्हा कचेरीतून रोज दुपारी जिल्ह्याला फोन लावायचा, आणि पलीकडून तो आवाज यायचा, ‘लाइन सोडू नका, जोडून देते.’ जिल्हा लागायला कितीही वेळ जावो, त्यानं कधी लाइन सोडली नाही. पुढे त्या आवाजाशीच लग्न केलं. कम्प्युटर घरी आला तेव्हा पासवर्ड काय ठेवू असं कचेरीतल्यांनी विचारलं, तर त्यानं लाजत ऑपरेटर एकशे एकोणीस सांगितलं होतं. म्हणजे तो तिलाही माहीत होता.

सकाळी आठला तो बूट घालून निघाला, जिना उतरला, आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या पायरीवर पाच मिनिटं बसून परत वर आला. आपल्याच घराचा कानोसा घ्यायची वेळ आली याची त्याला लाज वाटत होती. कानोसा घ्यायला कान नाहीत ही वेगळीच गंमत. दार हळूच उघडलं. बायको कपडे धुऊन न्हायला न्हाणीघरात गेली होती, पाणी पडत असल्याचा जाड आवाज त्याला कळत होता. तो यंत्रापुढे बसला. काढू-घालू नका म्हटलं होतं, पाहू नका असं म्हटलेलं नव्हतं. रात्री डोळा लागेना तेव्हा एका मदतीच्या पानावर त्यानं वाचलं होतं, की एकदा जोडलेलं उपकरण निघून गेलं तरी यंत्र ते विसरत नाही, लपवून ठेवतं. त्यानं उपकरणांची यादी उघडली आणि ‘लपलेली उपकरणे दाखवा’ यावर टिचकी मारली. यादी लांबत गेली. फिक्या, विटलेल्या अक्षरांत एकाखाली एक सोळा नेटवर्क अडॅप्टर, दोनपासून सतरापर्यंत. प्रत्येकाच्या माहितीत तो पहिल्यांदा कधी जोडला गेला त्याची तारीख आणि वेळ होती. त्यानं एकेक उघडून कागदावर उतरवून घेतलं, लघुलिपीत, बऱ्याच वर्षांनी. आठ दहा. आठ बावीस. आठ पाच. आठ एकतीस. पहिला सात महिन्यांपूर्वीचा. एकही वेळ आठच्या आत नाही, एकही नऊच्या पुढे नाही.

कचेरीला तो कधी फिरायला जातो ते माहीत नव्हतं. जगात एकाच माणसाला ते माहीत होतं. त्यानं मान वळवून टेबलाच्या कडेला पाहिलं. तिथे यंत्राच्या पाठीतून निघालेली ती पांढरी वायर लोंबत होती. ती इतके दिवस तिथे होती की त्याच्या डोळ्यांनी तिला बघणंच सोडून दिलं होतं. बायकोचा मोबाइल बाहेरच्या टेबलावर होता. तो उठला, मोबाइल घेऊन आला आणि वायरीत खोचला. मोबाइलनं ओळीनं तीन गोष्टी विचारल्या. फक्त चार्जिंग करायचं? फाइली पाठवायच्या? इंटरनेट द्यायचं? त्यानं तिसऱ्यावर बोट ठेवलं. उजव्या कोपऱ्यात खालून चौकट वर आली. ‘इथरनेट १८. अनोळखी नेटवर्क.’ कितीतरी वेळ तो त्या आकड्याकडे बघत बसला. मोबाइल दर वेळी नव्या ओळखीनं येत होता, आणि यंत्र बिचारं दर वेळी त्याला नवा पाहुणा समजून नवा आकडा देत होतं. मग मोबाइलवरच त्याला ते दिसलं. त्याची रेकॉर्डिंगं. कालचं, परवाचं, त्याआधीचं. गोपनीय शिक्क्याची. ही ऐकते. कोणाला देते? मुलीला? कोणा वकिलाला? चोवीस वर्षं एका घरात राहिलेल्या बाईबद्दल इतकं वाईट मनात यायला त्याला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही, याचं त्याला नंतर फार वाईट वाटलं.

टाइप केलेल्या प्रत्येक फाइलची आधीची प्रत यंत्र बाजूला जपून ठेवत असे. कानसेन त्या वाटेला कधी गेला नव्हता. एकदा टाइप केलेलं पुन्हा वाचणं हे कच्च्या माणसाचं काम, असं तो म्हणायचा. आज त्यानं त्यांतली एक प्रत काढली आणि कचेरीला गेलेली तीच फाइल शेजारी लावली. गोदामातल्या एका कारकुनाची चौकशी होती ती. माल सोडल्याच्या चिठ्ठीवर त्याची सही सापडली म्हणून त्याला घरी बसवलं होतं. कानसेननं टाइप केलं होतं, ‘वही माझी नाही.’ कारकुनाच्या खणात एक वहीही सापडली होती, म्हणून वाक्य फिट्ट बसलं होतं. त्यानं तीनदा ऐकलं होतं आणि तीनदा वहीच ऐकली होती. कचेरीला गेलेल्या फाइलमध्ये होतं, ‘सही माझी नाही.’ त्या एका अक्षरावर माणसाची नोकरी होती. त्यानं दुसरी फाइल लावली, तिसरी लावली. जिथे त्यानं मामी लिहिलं होतं तिथे मावशी. जिथे पाठ दुखते तिथे साठ तक्रारी. कुठे एक शब्द, कुठे पान भरून. आणि दोन ठिकाणी, त्याच्या सव्वीस वर्षांच्या नावलौकिकाला न जुमानता, कंसात ‘अस्पष्ट’. ती रोज सकाळी रेकॉर्डिंग मोबाइलवर घेत होती, दिवसभर ओट्याशी उभी राहून कानात घालून ऐकत होती, आणि दुसऱ्या सकाळी तो फिरायला गेला की त्याच्या चुका काढून ठेवत होती. सोळा आकडे म्हणजे सोळा वेळा तिचं बोट चुकून तिसऱ्या ओळीवर पडलं, एवढंच. बोट बरोबर पडलं त्या दिवसांची कुठेच नोंद नव्हती.

मग त्याच्या डोक्यात दुसरा हिशेब उभा राहिला. कानाच्या डॉक्टरकडचा कागद वर्षापूर्वीचा. पहिला अडॅप्टर सात महिन्यांपूर्वीचा. मधले पाच महिने त्याचा ‘स’ नव्हता आणि त्याच्या मागे कोणी नव्हतं. त्या पाच महिन्यांत किती सह्यांच्या वह्या झाल्या असतील? ती माणसं आता कुठे असतील? त्याला एकाएकी बसवेना, तो उठून उभा राहिला आणि उभं राहून काय करायचं ते न सुचून परत बसला.

बायको ओले केस पंच्यात गुंडाळून दारात उभी होती. तिनं त्याला पाहिलं, मग मोबाइलला, मग वायरीला. कानसेननं तिच्या ओठांकडे पाहिलं. वर्षभर तो असंच पाहत होता, पण आज उघड पाहिलं.

“अठरावं मी केलं,” तो म्हणाला.

“काय अठरावं?”

त्यानं यादी दाखवली. ती जवळ येऊन वाकली, बोटानं ओळी मोजल्या. “एवढ्या वेळा चुकले होय,” ती म्हणाली. “तिसऱ्यावरच अंगठा जातो मेला.”

“कधी कळलं तुला?”

“तुम्ही ‘काय?’ विचारायचं सोडलंत तेव्हा. आधी दिवसातून दहादा विचारायचात, काय, काय म्हणालीस म्हणून. मग एकदम बंद. म्हटलं, आता यांना खरंच ऐकू येत नाही.”

“मग सांगायचं नाहीस?”

“तुम्ही सांगितलंत?”

त्यावर तो रागावला. “मी लिहून दिलंय कचेरीला. कोणाच्या कानावर पडता कामा नये म्हणून. माझी शपथ मोडलीस तू.”

“तुमची मोडली असेल,” ती शांतपणे म्हणाली. “माझीही होती एक. कानावर पडलेलं बाहेर जाता कामा नये. वीस वर्षं पाळली, अजून पाळतेय. मुलीलासुद्धा अवाक्षर बोललेली नाही.” मग जरा थांबून तिनं विचारलं, “हे पुसता येतं का?”

“येतं. मिनिटाचं काम आहे.”

घड्याळात नऊला दहा कमी होते. त्यानं पहिल्या फिक्या नावावर टिचकी मारली. यंत्रानं विचारलं, हे उपकरण कायमचं काढून टाकायचं? एका बोटाचं काम. मग बाईंना सांगायचं, काही नाही हो, बायकोनं मोबाइल चार्जिंगला लावला होता. खोटंही नाही. कानसेन कानसेन राहील, ती ओट्याशी उभी राहून ऐकत राहील, आणि दोघंही या बाबतीत कानाडोळा करत म्हातारे होतील. त्याचं बोट तिथेच राहिलं.

“त्याआधीच्या पाच महिन्यांच्या फाइली,” तो म्हणाला. “त्या तू पाहिल्यास?”

तिचा चेहरा उतरला. “नाही हो. मला तेव्हा माहीतच नव्हतं.”

फोन वाजला. तो त्याला ऐकू आला, कारण फोनची घंटा जाड होती. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली तसा तिनं फोन स्पीकरवर टाकला आणि टेबलावर ठेवला. तांत्रिक विभागातल्या बाई भराभर बोलणाऱ्या होत्या. त्यांच्या बोलण्यातून त्याला मधले मधले तुकडे मिळत होते, चिंध्या नुसत्या. बायको एकेक वाक्य संपलं की त्याच्या समोर येऊन, त्याला ओठ दिसतील असं, हळू आणि स्वच्छ सांगत होती. “विचारतायत, किती दिसतायत.” तो म्हणाला, सतरा, एक मी केलेला धरून. “विचारतायत, वेळा कोणत्या.” त्यानं लघुलिपीचा कागद पाहून वेळा वाचून दाखवल्या. तिचा तो जुना आवाज परत आला होता, ना स्वतःचं एक अक्षर घालायचं ना दुसऱ्याचं गाळायचं. मग पलीकडून बाईंनी विचारलं, “घरात आणखी कोणी कम्प्युटरला हात लावतं का?”

त्या वाक्यात एकही ‘स’ नव्हता आणि ‘श’ नव्हता. ते अख्खंच्या अख्खं त्याच्या कानात आलं. बायकोला ते माहीत नव्हतं. ती टेबलाची कड धरून उभी होती आणि पहिल्यांदाच तिनं लगेच तोंड उघडलं नव्हतं. त्यानं वाट पाहिली. मग विचारलं, “काय म्हणतायत?”

तिनं ओठ ओले केले. “विचारतायत, घरात आणखी कोणी कम्प्युटरला हात लावतं का.”

जसंच्या तसं. तो फोनवर वाकला. “लावतं,” तो म्हणाला. “माझी बायको. मला ऐकू येत नाही, बाई. वर्ष झालं. गेले सात महिने तिनं माझं काम तपासलंय, म्हणून तेवढं धड आहे. त्याच्या आधीचे पाच महिने कोणी तपासलेलं नाही. त्या सगळ्या फाइली दुसऱ्या कोणाकडून तरी परत ऐकून घ्या. आजच्या आज सांगा साहेबांना. माझं काय करायचं ते मागाहून करा.”

बोलून झाल्यावर खोली अगदी रिकामी झाली. बायकोचा हात त्याच्या खांद्यावर आला, ओल्या केसांचं पाणी त्याच्या बाहीवर टपकलं. पलीकडून बाई आता सावकाश बोलायला लागल्या होत्या, पण त्याच्यापर्यंत पोचत होते ते तुकडेच. लेखी, असं काहीतरी आलं. मग आणखी एक शब्द आला. कानसेननं मान हलवली, उठला, खण उघडला आणि आतून एक कोरी वही काढून टेबलावर ठेवली.

बायकोनं वहीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. तिनं पेनाचं टोपण काढलं, पेन त्याच्या हातात दिलं आणि त्याला ओठ दिसतील अशी समोर आली.

“सही,” ती म्हणाली. “सही मागतायत त्या.” आणि फोनकडे वळून, त्या जुन्या आवाजात, “लाइन सोडू नका. देतायत.”